कावळा डूख धरतो?

एप्रिल-मे आला की वाशी-नेरूळच्या सोसायट्यांत तीच तक्रार सुरू होते: गेटाजवळचा कावळा येणाऱ्या-जाणाऱ्याच्या टाळक्यावर टोच मारतो. निदानही ठरलेले. कुणीतरी दगड मारला असणार, त्याने डूख धरला! थोडे वाचलेले लोक सिएटलचा दाखला देतात. तिथे संशोधक जॉन मार्झलफ यांनी 2006 साली मुखवटे घालून कावळे पकडले, आणि पुढे कित्येक वर्षे त्या मुखवट्यावर कावळे तुटून पडत.

प्रयोग खरा आहे, पण इथे गैरलागू. ते अमेरिकी कावळे वेगळ्या जातीचे, आणि ते चिडत फक्त पकडणाऱ्याच्या मुखवट्यावर. निरुपद्रवी मुखवट्याकडे ते फारसे लक्ष देत नसत. आपल्याकडे मात्र इस्त्रीवाला, दूधवाला, शाळेला निघालेले पोर, सगळ्यांना सारखाच प्रसाद. डूख माणूस पाहून धरला जातो. इथे पाहिली जाते ती जागा आणि वेळ. तोच माणूस मागच्या गेटाने गेला तर कावळा ढुंकून पाहत नाही. जानेवारीत त्याच्याच पायांपाशी फरसाण वेचतो.

पक्ष्यांच्या हद्दीचा विचार एलियट हॉवर्ड यांनी 1920 साली ग्रंथरूपाने मांडला. पण सगळ्यांची हद्द एका मापाची नसते. दयाळ गाऊन अख्खी बाग राखतो. रात्रबगळ्यांच्या वसाहतीत चोच पोहोचेल तेवढेच ज्याचे त्याचे. कावळा चरायला आणि झोपायला घोळक्यात असतो, वीण सुरू झाली की मात्र घरट्याभोवतीची थोडकी जागा त्या जोडीची. अंडी उबवायला सोळा-सतरा दिवस, पिल्लू उडायला आणखी तीन-चार आठवडे. पिल्लू जसे वाढते तसा हल्ल्याला जोर चढतो, कारण आता ते गमावणे महाग पडणार असते. ते धड उडता न येता खाली झुडपात उतरते, ते दिवस सर्वांत वाईट. मग सारे आपोआप थंडावते.

म्हणून ‘घरटे पाडा’ हा उपाय उलटा पडतो. जोडी जवळच्याच झाडावर पुन्हा काड्या आणि तारांचे तुकडे जमवते आणि संपत आलेला त्रास पहिल्यापासून सुरू होतो. घरट्यात काठी खुपसणाऱ्या वॉचमनला कावळा ओळखणार नाही, असे मी म्हणत नाही. पण तो डूख आपणच विकत घेतलेला. (भाद्रपदात ज्याची वाट पाहायची, त्यालाच वैशाखात हुसकायचे, हा व्यवहार अजब खरा.)

सोसायट्यांच्या कमिट्यांनी झाडाला एक पाटी लावावी, काही दिवस दुसरे गेट उघडावे. ज्यांना तिथूनच जायचे त्यांनी छत्री घ्यावी. घरटे पाडणे तर कायद्यातही बसत नाही: वन्यजीव कायद्याच्या 2022च्या दुरुस्तीने उपद्रवी प्राण्यांची जुनी यादी रद्द झाली आणि कावळा दुसऱ्या अनुसूचीत गेला. रानपाखरांची अंडी फोडणे किंवा घरटी उसकटणे हे त्या कायद्याच्या व्याख्येत शिकारच ठरते.