'सेम्पर उबी सब उबी' म्हणजे काय? टी-शर्ट आणि मगवरचे लॅटिन विनोद, आणि त्यांचं नागपूर कनेक्शन

एखाद्या मित्राने परदेशातून कॉफी मग आणला, त्यावर रोमन लिपीत गंभीर वाटणारं वाक्य आहे, अर्थ कोणालाच लागत नाही. घरातल्या मोठ्यांना वाटतं की एखादं सुभाषित असावं. प्रत्यक्षात त्यावर लिहिलेलं असतं, 'नेहमी कुठे खाली कुठे'.

लॅटिन आणि ग्रीकची आवड असणाऱ्यांसाठी अशा वस्तूंचा एक छोटा पण चिवट बाजार आहे. टी-शर्ट, मग, पायपुसणी, मोजे, ॲप्रन अशा कशावरही हे विनोद छापलेले मिळतात. सोशल मीडियावर त्यांचे फोटो फिरतात आणि खाली ठरलेली कमेंट असते, 'कोणी अर्थ सांगेल का?'

तर आधी तो 'नेहमी कुठे' वाला विनोद. मूळ शब्द आहेत 'सेम्पर उबी सब उबी'. सेम्पर म्हणजे नेहमी, उबी म्हणजे कुठे, सब म्हणजे खाली. लॅटिनमध्ये याला काडीचा अर्थ नाही. पण शब्दाला शब्द ठेवून इंग्रजी केलं आणि मोठ्याने म्हटलं, तर 'ऑल्वेज व्हेअर अंडर व्हेअर' असं ऐकू येतं. म्हणजे 'नेहमी अंडरवेअर घाला'. साहजिकच हे वाक्य सगळ्यात जास्त कशावर छापलं जातं, हे सांगायला नको.

मराठी शाळकरी मुलं टेबलला 'टेबलम्' आणि पंख्याला 'पंखम्' म्हणत संस्कृतच्या तासाचा सूड उगवतात, त्यातलाच हा प्रकार. युरोपात अशा बनावट लॅटिनला 'डॉग लॅटिन' म्हणतात.

कुरुंदाचा दगड लॅटिनमध्ये कसा गेला?

बनावट लॅटिनमधलं सगळ्यात गाजलेलं वाक्य म्हणजे 'इलेजितिमी नॉन कार्बोरुंडुम'. अर्थ सांगितला जातो तो असा: हलकटांना तुम्हाला झिजवू देऊ नका. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यात हे पसरलं आणि अमेरिकेचे जनरल जोसेफ स्टिलवेल यांनी ते आपलं ब्रीदवाक्यच करून टाकलं. पुढे मार्गारेट ॲटवुड यांच्या 'द हँडमेड्स टेल' (१९८५) या कादंबरीत याच धाटणीचं वाक्य आलं आणि लोकांनी ते अंगावर गोंदवून घ्यायला सुरुवात केली.

गंमत अशी की 'कार्बोरुंडुम' हा लॅटिन शब्दच नाही. ते धार लावायच्या कृत्रिम दगडाचं व्यापारी नाव. अमेरिकन संशोधक एडवर्ड ॲचेसन यांनी १८९०च्या दशकात सिलिकॉन कार्बाइड तयार केलं आणि 'कार्बन' व 'कोरंडम' हे शब्द जोडून त्याला कार्बोरंडम नाव दिलं. यातला 'कोरंडम' आपल्याकडचा आहे. तमिळमधला 'कुरुंदम', संस्कृतातला 'कुरुविंद' आणि मराठीत धारवाले वापरायचे तो कुरुंदाचा दगड, हे सगळं एकच कुटुंब. शेवटी 'उंडुम' आल्यामुळे कानाला तो लॅटिन क्रियापदासारखा लागला आणि गाडी सुटली. म्हणजे जगभरच्या लोकांनी मोठ्या अभिमानाने गोंदवलेल्या या 'लॅटिन' वाक्याचा कणा भारतीय आहे.

खरं लॅटिन असलेले विनोद

सगळेच विनोद बनावट नसतात. काहींचं व्याकरण चोख असतं आणि तेच जास्त मजेदार आहेत.

पॉम्पेई हे रोमन शहर इसवी सन ७९मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. तिथल्या एका घराच्या दारात साखळीला बांधलेल्या कुत्र्याचं मोझॅइक सापडलं. त्याखाली लिहिलंय 'कावे कानेम', कुत्र्यापासून सावध. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीची पुणेरी पाटीच म्हणा. आज हे मोझॅइक पायपुसण्यांवर छापून विकलं जातं आणि मांजरप्रेमींसाठी 'कावे फेलेम' अशी आवृत्तीही निघाली आहे.

ज्युलियस सीझरचं 'वेनी, विदी, विकी' (आलो, पाहिलं, जिंकलं) बहुतेकांना माहीत असतं. टी-शर्टवर ते 'वेनी, विदी, व्हिसा' होतं. आलो, पाहिलं, कार्ड घासलं! यात आणखी एक पदर आहे. 'व्हिसा' हा शब्द लॅटिनमधल्या 'पाहणे' या क्रियापदापासूनच आलाय, मूळ अर्थ 'तपासून पाहिलेला कागद'. त्यामुळे 'विदी' आणि 'व्हिसा' हे सख्खे भाऊ निघतात.

देकार्तच्या 'कोगितो एर्गो सुम' (मी विचार करतो, म्हणून मी आहे) या वाक्याचं बिअरच्या मगवर 'बिबो एर्गो सुम' होतं. मी पितो, म्हणून मी आहे. आणि स्वतःचीच खिल्ली उडवणारं एक वाक्य तर या बाजारातलं सगळ्यात प्रामाणिक म्हणायला हवं: 'क्विडक्विड लातिने दिक्तुम सित, आल्तुम विदेतुर'. लॅटिनमध्ये काहीही म्हटलं तरी ते गहन वाटतं. हेच वाक्य शेवटी 'सोनातुर' लावूनही छापलेलं दिसतं. घ्यायचंच असेल तर 'विदेतुर' वालं घ्या, व्याकरणात तेच बसतं.

या लाटेला इंधन पुरवणाऱ्यांत अमेरिकन विनोदी लेखक हेन्री बिअर्ड यांचं नाव घ्यावं लागतं. रोजच्या आयुष्यातली वाक्यं लॅटिनमध्ये देणारं त्यांचं पुस्तक १९९०मध्ये आलं आणि तुफान चाललं. त्याआधी १९६०मध्ये 'विनी द पू' या बालकथेचा लॅटिन अनुवाद थेट न्यूयॉर्क टाइम्सच्या बेस्टसेलर यादीत गेला होता. मेलेल्या म्हणवल्या जाणाऱ्या भाषेसाठी हे वाईट नाही.

नागपुरात लॅटिन कुठे आहे?

नागपूरकर म्हणतील, आमचा लॅटिनशी काय संबंध बाप्पा? भरपूर आहे.

सेमिनरी हिल्सपासूनच सुरुवात करा. टेकडीला हे नाव मिळालं ते तिथल्या सेंट चार्ल्स सेमिनरीमुळे, म्हणजे कॅथलिक धर्मगुरू घडवणाऱ्या संस्थेमुळे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत (१९६२-६५) जगभरच्या बहुतेक कॅथलिक चर्चमध्ये मिस्सा लॅटिनमध्येच होत असे. 'सेमिनरी' शब्दाचा मूळ लॅटिन अर्थ मात्र आहे रोपवाटिका, जिथे बी पेरतात ती जागा.

मग येतं हायकोर्ट. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने वर्तमानपत्रातल्या बातमीची स्वतःहून दखल घेतली की दुसऱ्या दिवशी मथळा येतो, 'हायकोर्टाची सुमोटो याचिका'. हा 'सुमोटो' म्हणजे मूळचं 'सुओ मोतू', स्वतःच्या प्रेरणेने. मराठी पत्रकारितेने त्याला इतकं घासूनपुसून घेतलंय की तो जपानी पहिलवानासारखा वाटायला लागला.

आणि मेडिकलची चिठ्ठी? डॉक्टर गोळीपुढे 'बीडी' लिहितात, त्यावरून कितीतरी पेशंटनी विनोद केले असतील. ते आहे 'बिस इन दिए', दिवसातून दोनदा. 'एसओएस' म्हणजे 'सी ओपुस सित', गरज पडली तर.

सगळ्यात गोड उदाहरण संत्र्याचं. नागपुरी संत्र्याचं शास्त्रीय नाव 'सिट्रस रेटिक्युलाटा'. रेटिक्युलाटा म्हणजे जाळीदार, सालीच्या आत फोडींना चिकटलेल्या त्या पांढऱ्या शिरांवरून. आता 'कार्पे दिएम' घ्या. होरेस या रोमन कवीचे हे दोन शब्द जगात सर्वाधिक छापले जाणाऱ्या लॅटिन शब्दांपैकी असावेत. इंग्रजीतून आपण त्याचा अर्थ 'दिवस काबीज करा' असा घेतो. पण 'कार्पे' हे क्रियापद झाडावरचं फळ किंवा फूल तोडण्यासाठी वापरलं जायचं. पिकलाय तेव्हा तोडून घ्या, उद्या गळून पडेल, असा तो भाव. काटोल-वरुडच्या बागाईतदाराला हे समजावून सांगावं लागणार नाही.

नागपूरसाठी मग छापायचाच तर 'कार्पे औरांतिउम' चालेल, संत्रं तोडा. 'औरांतिउम' हा शब्द मागे मागे नेला तर संस्कृत 'नारंग'पर्यंत पोहोचतो. वाटेत लॅटिनमधल्या 'औरुम' म्हणजे सोन्याचा रंग त्याला चढला.

हा विनोद कोणासाठी असतो?

लॅटिन विनोदाची सगळी मजा 'मला कळलं, तुला नाही' यात असते. एका लोकप्रिय टी-शर्टवर तर सरळच लिहिलेलं असतं की हे वाचता येत असेल तर तुम्ही जरा जास्तच शिकलात. मगवर हे निरुपद्रवी आहे. पण नेहमीच तसं नव्हतं.

१८४३मध्ये चार्ल्स नेपियरने सिंध जिंकला. पुढच्या वर्षी लंडनच्या 'पंच' साप्ताहिकात छापून आलं की नेपियरने विजयाची खबर एकाच शब्दात कळवली: 'पेक्कावी'. लॅटिनमध्ये अर्थ 'मी पाप केलं', इंग्रजीत 'आय हॅव सिन्ड', आणि ऐकायला 'आय हॅव सिंध'. हा शब्द नेपियरचा नव्हताच. तो कॅथरीन विंकवर्थ या सोळा वर्षांच्या मुलीला सुचला होता. तरीही लोक तो वर्षानुवर्षं नेपियरच्या नावावर सांगत राहिले. १८५६मध्ये अवध खालसा झाल्यावर 'पंच'ने डलहौसीच्या तोंडी तसाच 'वोवी' घातला: लॅटिनमध्ये 'मी नवस केला', इंग्रजीत 'आय हॅव अवध'.

त्याच डलहौसीने दोन वर्षांपूर्वी, १८५४मध्ये, नागपूरकर भोसल्यांचं राज्य वारस नसल्याचं कारण देऊन खालसा केलं होतं. हत्ती-घोडे कवडीमोलाने विकले गेले, जडजवाहीर लिलावासाठी कलकत्त्याला गेलं. राज्यं गिळली जात होती आणि लंडनच्या क्लबांमध्ये लॅटिन कोट्यांवर हशा पिकत होता. कोटी उत्तम आहे यात वाद नाही, पण ज्यांची राज्यं गेली त्यांना ती कळणार नाही हे त्यात गृहीतच होतं.

आपल्याकडे संस्कृतचं दारही सगळ्यांना उघडं नव्हतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना शाळेत संस्कृत घेऊ दिलं गेलं नाही, फारसी घ्यावी लागली. पुढे ते संस्कृत स्वतः शिकले. आज रामटेकला कवि कुलगुरू कालिदास संस्कृत विश्वविद्यालय आहे (स्थापना १९९७), नागपूर विद्यापीठात पाली-प्राकृत विभाग आहे. आणि नागपुरात छातीवर अभिजात भाषा मिरवणारा सगळ्यात ओळखीचा टी-शर्ट लॅटिन किंवा संस्कृतातला नाही, पालीचा आहे: 'अत्त दीप भव'. तो विनोद नाही, आणि आपण शिकलोय हे दाखवण्यासाठीही कोणी घालत नाही. अभ्यासक मात्र सांगतात की हे नेमके शब्द याच रूपात त्रिपिटकात नाहीत. तिथे उपदेश अनेकांना उद्देशून, अनेकवचनात आहे. शिवाय पालीत 'दीप' म्हणजे दिवा आणि बेट, दोन्ही.

छापण्याआधी काय बघायचं?

लॅटिनला मराठीसारख्याच विभक्ती आहेत. कुत्रा म्हणजे 'कानिस', पण पाटीवर 'कानेम'. डिक्शनरीतून शब्द उचलून जोडले तर 'सावध कुत्रा' असं काहीतरी होतं. ऑनलाइन भाषांतर यंत्रं छोट्या वाक्यात इथेच फसतात. 'लाइफ ऑफ ब्रायन' (१९७९) सिनेमात भिंतीवर चुकीचं लॅटिन लिहिणाऱ्या बंडखोराला रोमन अधिकारी पकडतो आणि शिक्षा काय, तर व्याकरण सुधारून तेच शंभर वेळा लिही! टॅटूवाल्याकडे अशी सोय नसते.

त्यामुळे स्वतः वाक्य रचण्यापेक्षा रोमन काळापासून चालत आलेलं घेणं बरं. रचायचंच असेल तर ते लॅटिन येणाऱ्या माणसाला दाखवा. लॅटिन अक्षरांवर स्वरचिन्हं नसली तरी चालतात. अक्षरं मोठी, कोरीव लेखासारखी हवी असतील तर 'यू'च्या जागी 'व्ही' लिहिण्याची रोमन पद्धत आहे, पण मग पूर्ण वाक्यात तसंच करा. आणि प्रिंटवाल्याला फाइल देताना ऑटोकरेक्ट बंद आहे ना, हे एकदा तपासा. 'कानेम'चं तो काय करेल, सांगता येत नाही.