रुक्मी : भोजकटाचा राजा

विदर्भाचा राजा भीष्मक याचा थोरला मुलगा, रुक्मिणीचा भाऊ. मनात डूख धरून जगलेला माणूस म्हणूनच पुराणांनी त्याची आठवण ठेवली आहे. त्याचे कुंडिनपूर म्हणजे अमरावती जिल्ह्यात तिवसा तालुक्यातले, वर्धेकाठचे कौंडिण्यपूर, असे मानतात. तिथून दर आषाढीला रुक्मिणीची पालखी पंढरपूरला जाते.

बहीण शिशुपालाला द्यायची, हे रुक्मीने ठरवून टाकले होते. देवीचे दर्शन घेऊन निघालेल्या रुक्मिणीला कृष्णाने रथात घेतले. ते देऊळ आपल्या अंबादेवीचेच, असे अमरावतीकर सांगतात. रुक्मीने पण केला की कृष्णाला मारून बहिणीला परत आणल्याशिवाय कुंडिनपुरात पाऊल ठेवणार नाही. लढाईत तो हरला. रुक्मिणीने पाय धरले म्हणून जीव वाचला, पण भागवताप्रमाणे कृष्णाने त्याला वस्त्राने बांधून केस-मिशा वेड्यावाकड्या भादरल्या. जीवदान दिले आणि तोंड दाखवायची सोय ठेवली नाही. याला क्षमा म्हणणे जडच जाते. बलरामालाही ते रुचले नाही. सोयऱ्याला विद्रूप करणे म्हणजे त्याला मारल्यासारखेच, असे कृष्णाला सुनावून त्याने रुक्मीला सोडवले.

पण रुक्मी घरी परतला नाही. त्याने भोजकट हे नवे नगर वसवले. अमरावतीजवळचे भातकुली ते हेच, असे बहुतेक समजतात. कथा बाजूला ठेवली तरी नाव खरे आहे: पाचव्या शतकातल्या वाकाटक राजा दुसऱ्या प्रवरसेनाच्या ताम्रपटात ‘भोजकट राज्य’ येते. त्यात दान दिलेले गाव म्हणजे अचलपूरजवळचे चम्मक.

पुढची गोष्ट अधिक चमत्कारिक. वैर तसेच ठेवून रुक्मीने मुलगी रुक्मवती कृष्णाच्या मुलाला, प्रद्युम्नाला दिली. मामाची मुलगी करण्याची रीत महाराष्ट्राला नवी नाही. मग नात रोचना प्रद्युम्नाच्या मुलाला, अनिरुद्धाला दिली. बहिणीला बरे वाटावे म्हणून, असे भागवत म्हणते.

त्याच लग्नात, भोजकटात, कलिंगराजाच्या चिथावणीने रुक्मीने बलरामाला फाशांच्या खेळाला बसवले. पहिले तीन डाव बलराम हरला. कलिंगराज दात काढून हसला. पुढचे डाव बलरामाने जिंकले तर रुक्मी ते मानेना. आकाशवाणीचेही त्याने ऐकले नाही. उलट, गुराख्यांना फासे काय कळणार, असे हिणवले. बलरामाने त्याला तिथेच ठार केले: भागवतात परिघाने, विष्णुपुराणात द्यूताच्या पटाने. कलिंगराजाचे दात पाडले ते वेगळेच. एके काळी याच बलरामाने रुक्मीला सोडवले होते.

महाभारताच्या उद्योगपर्वात रुक्मी जिवंत आहे. ग्रंथांचे कालक्रम जुळवत बसण्यात अर्थ नाही. तो एक अक्षौहिणी सैन्य घेऊन पांडवांकडे येतो आणि ‘घाबरला असशील तर मदतीला आहे’ असे अर्जुनाला ऐकवतो. अर्जुन नको म्हणतो, मग दुर्योधनही. त्या युद्धापासून दूर राहिलेले म्हणून महाभारत दोघांचीच नावे घेते: तीर्थयात्रेला गेलेला बलराम आणि हा रुक्मी.