खेळता खेळता बोल फुटतात

मूल उशिरा बोलू लागलं, की गाव त्याला मुकं ठरवून मोकळं होतं. म्हणून आज आपण थोडं मागं जाऊ.

१९४५ साली ताराबाई मोडक यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. अनुताई वाघ सोबतीला आल्या. गरीब वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. महागडी खेळणी नव्हती. शिंपले, बिया, पानं, खडे यांच्यावरच मुलं खेळली, बोलली. १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत गेलं. सरकारी अंगणवाडी आली ती १९७५ साली.

ती काही उपचारकेंद्रं नव्हती. वाचा-उपचाराचं शिक्षण देणारी अखिल भारतीय संस्था म्हैसूरला १९६५ साली निघाली. पण हे तज्ज्ञही लहान मुलांना खेळातूनच बोलतं करतात. आठवडाभर एकच विषय धरायचा. समजा, बाजार. टोपलीत कांदा, वांगं, मिरची. "काय देऊ?" विचारायचं आणि थांबायचं. पोरानं नुसतं बोट दाखवलं, तर "कांदा हवा? घे कांदा" म्हणायचं. तोच शब्द रोज कानावर पडला, की ओठांवर येतो.

मात्र दोन वर्षांचं मूल दोन शब्द जोडत नसेल, तर वाट पाहू नका. आशाताईंना सांगा, जिल्हा रुग्णालयात आधी कान तपासून घ्या. दोष आईचा नसतो. वेळ मात्र आपल्या हातात असते.