नाक्यावरचा मुकादम

मुकादम हा शब्द मूळचा अरबी. मुकद्दम म्हणजे पुढे असलेला, अग्रणी. दख्खनच्या सुलतानी अमलात तो मराठीत आला, मोकदम झाला आणि गावच्या पाटलाला चिकटला. आपण आधी १६४६ सालच्या जानेवारीत जाऊ. शिवाजी महाराजांच्या मुद्रेचं जुन्यात जुनं म्हणून जे पत्र ओळखलं जातं, त्यातला रांझ्याचा बाबाजी गुजर हा गावचा मोकदम. बदअमलाबद्दल त्याचे हातपाय तोडले गेले, आणि मोकदमी मात्र गुजरांच्याच गोतातल्या सोनाजीकडे गेली. माणूस गेला तरी वतन गोताबाहेर गेलं नाही.

दोनशे वर्षांनी हाच शब्द गिरणीच्या फाटकात उभा दिसतो. १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईतल्या पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली आणि १८५६त ताडदेवला सूत निघू लागलं. पुढे गिरण्या वाढल्या. साहेबाला मराठी येत नव्हतं, आणि रत्नागिरी-साताऱ्याकडून उतरलेल्या गड्याला साहेब कळत नव्हता. मध्ये मुकादम आला. कागदोपत्री तो जॉबर, बायकांच्या खात्यात त्याच्या जागी नाईकीण. गावाकडून माणसं आणायची, साच्यावर उभी करायची, खाडे धरायचे, नको झाला त्याला काढायचं, आणि या सगळ्याची दस्तुरी घ्यायची, हे त्याचं काम. खोली तोच बघून देई, लग्न-बारशाला पैसेही तोच, अर्थात व्याजाने. मालकाला कामगार टिकवता येत नव्हता, मुकादमाला येत होता. त्या कलेत मायेइतकंच कर्ज होतं, असं मला वाटतं. याच काळात नागपुरात दुसरा प्रयोग चालू होता. १८७७ साली सुरू झालेल्या एम्प्रेस मिलमध्ये जमशेटजी टाटांनी हजेरी वाढवायला बक्षिसं लावली, १८८६त पेन्शन निधी काढला, १८९५त अपघाताची भरपाई सुरू केली. मुंबईने बराच काळ तिकडे पाहिलं नाही.

मुंबईला जाग आली ती १९३१ साली. कामगारांची स्थिती तपासणाऱ्या व्हिटली आयोगाने सांगितलं, भरती मुकादमाच्या हातून काढा, लेबर ऑफिसर नेमा. १९३५ साली गिरणीमालकांनी बदली कार्डं सुरू केली: महिन्याच्या आरंभी ठरावीक माणसांना कार्ड, आणि रोज सकाळी फाटकावर आधी त्यांचा हक्क. १९३६ साली मुंबईत टाटांच्या नावाची समाजकार्याची संस्था निघाली, तिथून शिकलेले कल्याण अधिकारी कारखान्यांत जाऊ लागले. १९४८च्या कारखाने कायद्याने पाचशे किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या कारखान्यात असा अधिकारी सक्तीचा केला. तोच पुढे पर्सोनेल मॅनेजर झाला आणि आता काचेच्या केबिनमध्ये एचआर म्हणून बसतो. त्याला मुकादमाचा वारस म्हटलेलं आवडणार नाही, पण वंशावळ तीच आहे.

दुसरी पाती फाटकाबाहेर गेली. १९७०च्या कंत्राटी कामगार कायद्याने ठेकेदाराला परवान्याच्या चौकटीत आणलं, १८ जानेवारी १९८२च्या संपाने गिरण्यांचं फाटकच ओस पाडलं, आणि मुकादम बाहेरचाच राहिला. ऊसतोडीत तो आजही दसऱ्याच्या सुमारास उचल वाटतो. नवराबायकोची जोडी त्याच्या हिशेबात एक कोयता.

मीरा-भाईंदर या वंशाच्या फार अलीकडच्या टोकाला येतं. मिठागरांची आणि शेताची ही गावं, १९८५ साली नगरपालिका, २८ फेब्रुवारी २००२ला महापालिका. इमारती उभ्या राहत गेल्या तशी माणसं लागली: रंगारी, गवंडी, सेंट्रिंगवाले, झाडूवाले, रखवालदार. झाडूवाल्यांच्या हजेरीला आजही मुकादमच असतो. नाक्यावर सकाळी सातच्या आत माणसं उभी राहतात; कुणाच्या पिशवीत थापी, कुणाच्या डब्यात चुन्याने पांढरा झालेला ब्रश. दुचाकी थांबते, चालवणारा उतरतही नाही, बोटाने तिघांना खुणावतो. मजुरी आधी ठरते, नाव नंतर विचारलं जातं, कधी विचारलंच जात नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ला नव्या श्रमसंहिता लागू झाल्या, त्यात कामगाराला नेमणूकपत्र देणं बंधनकारक आहे. नाक्यावरच्या एका रंगाऱ्याला मी हे सांगितलं. त्याने फोन काढून मुकादमाचा मेसेज दाखवला: उद्या पाच माणसं, आठ वाजता, डबा आणणे.