खांबापासून उंबऱ्यापर्यंत



या व्यासपीठावर इतिहास सांगावयास बहुधा प्राध्यापक मंडळी येतात. मी सातवीत शाळा सोडली. पुढचे जे काही वाचन झाले ते युनियनच्या कचेरीत, रात्री, आणि तेही पुष्कळदा भारनियमनाच्या वेळा सांभाळून. ताम्रपट किंवा बखरी माझ्यापाशी नाहीत. माझ्यापाशी आहेत ती विजेची थकीत बिले, रेशनकार्डे आणि गॅसची पुस्तके. कामगारांची कामे करता करता जमलेली ही कागदपत्रे मी इतिहासाची साधने मानतो. त्यांच्या आधाराने नांदेड-लातूरकडच्या गरिबाच्या घरात उजेड कसा आला, सरकारने त्यासाठी पैसा कसा खर्च केला आणि तो कोठे अडला, हे आज सांगावयाचे आहे. माझे म्हणणे एवढेच आहे, की सरकार जे मोजते तेथपर्यंतच सरकारचा पैसा जातो. गाव मोजले तर गावापर्यंत, पंप मोजला तर पंपापर्यंत. घर फार उशिरा मोजले गेले.

माझे बालपण कंधार तालुक्यातल्या एका खेड्यात गेले. आमच्या घरी रॉकेलची चिमणी होती. तिची काजळी सकाळी नाकपुड्यांत सापडे. रेशनचे रॉकेल महिन्यातून एकदा येई आणि त्यासाठी डबे रांगेत ठेवून लेकरे बसवलेली असत. आमच्या शिवारात मात्र वीज होती. ओढ्याकाठच्या विहिरीवर एका मोठ्या बागायतदाराची मोटार चाले, आणि तिची घरघर ऐकत आम्ही चिमणीपुढे पाढे म्हणत असू. वस्तीत एकही दिवा नसताना आमचे गाव सरकारी दप्तरात विद्युतीकरण झालेले गाव होते, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले.

यात कोणा कारकुनाची लबाडी नव्हती. व्याख्याच तशी होती. १९९७ सालापर्यंत आपल्या देशात नियम असा होता, की गावाच्या महसुली हद्दीत कोणत्याही कामासाठी वीज वापरली जात असेल तर ते गाव विद्युतीकृत समजावे. हद्द म्हणजे सारे शिवार आले आणि ‘कोणत्याही कामासाठी’ यात विहिरीवरचा एक पंपही आला. १९९७ साली नियम बदलून वीज प्रत्यक्ष वस्तीत पाहिजे असे ठरले. स्वातंत्र्याला पन्नास वर्षे झाल्यावर दिवा शिवारातून गावठाणात आला, निदान कागदावर.

थोडे मागे जाऊ. स्वातंत्र्य मिळाले त्या वेळी साऱ्या हिंदुस्थानात वीज पोहोचलेली खेडी सुमारे १५०० होती. आपण तर १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतो. नांदेडला उस्मानशाही गिरणीचा भोंगा वाजत असे, पण भोंगा ऐकू येणाऱ्या खेड्यांत संध्याकाळी दिवेलागण तेलावरच होई. १९५६ साली मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात आले. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्याचा एक तालुका होता. त्याचा वेगळा जिल्हा १९८२ साली झाला. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला आणि त्याच वर्षी जूनमध्ये राज्य वीज मंडळ स्थापन झाले. त्याआधी १९५३ च्या नागपूर कराराने मागास भागाला निधीचा न्याय्य वाटा देण्याचे वचन दिलेले होते. वचन चांगले होते. मात्र तो वाटा मोजावयाचा कशाने, याचे उत्तर करारात नव्हते.

उत्तर आले दुष्काळातून. १९६५ ते ६७ या काळात देशात धान्याची टंचाई पडली. पिकाला पाणी आणि पाण्याला पंप पाहिजे, म्हणून १९६९ साली ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ उभे राहिले. ते राज्यांच्या वीज मंडळांना कर्जे देई आणि त्या कर्जांमागे विहिरींवरचे पंप हा मोठा हेतू होता. त्यानंतर १९७२ चा दुष्काळ आला. त्याविषयी मराठवाड्याच्या माणसाला मी वेगळे सांगावयास नको. दुष्काळ ओसरल्यावर विहिरी वाढल्या, मोटारी वाढल्या, खांब शेतांतून चालू लागले. पंपाला शिव्या देण्याचा कृतघ्नपणा मी करणार नाही. त्याच बागायतदाराच्या भिजलेल्या रानात माझी आई खुरपायला जाई आणि त्या मजुरीवर आमची चूल पेटे. मात्र ज्याला रान नाही त्याला पंप नाही, आणि ज्याला पंप नाही तो हिशेबात नाही, हेही तितकेच खरे होते.

या हिशेबाचा पुरावा म्हणून मी अनुशेषाची कागदपत्रे पुढे करतो. १९८३ साली सरकारने अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्रादेशिक असमतोल तपासणारी समिती नेमली. समितीने १९८४ साली अहवाल दिला आणि राज्याचा एकूण अनुशेष ३१८६ कोटी ७८ लाख रुपये काढला. त्यातला मराठवाड्याचा ७५० कोटी ८५ लाख. १९९४ साली विकास मंडळे झाली आणि पुढे निर्देशांक व अनुशेष समितीने नवा हिशेब मांडला. सिंचन, रस्ते, शिक्षण, आरोग्य यांच्या पंगतीत विजेचे कलम होते ते ‘कृषिपंपांना वीज’ या नावाने. मराठवाड्यावर अन्याय झाला म्हणून आपण सर्वांनी मोर्चे काढले. मीही घोषणा दिल्या. परंतु त्या कलमात किती घरांत दिवा नाही हा प्रश्न नव्हता, आणि आम्हा मोर्चेकऱ्यांपैकी कोणी तो विचारल्याचे मला आठवत नाही. हा दोष सरकारइतकाच आपलाही आहे.

घराकडे सरकारचे लक्ष गेलेच नव्हते असे नाही. १९८८-८९ मध्ये कुटीर ज्योती योजना निघाली. दारिद्र्यरेषेखालच्या झोपडीला एका दिव्याची जोडणी मिळू लागली. एक दिवा म्हणजे अक्षरशः एकच. खरा बदल झाला तो २००४ च्या व्याख्येने. गाव विद्युतीकृत म्हणावयाचे तर रोहित्र व तारा वस्तीत पाहिजेत, आणि दलित वस्ती असेल तर तेथेही पाहिजेत. शाळा, पंचायत, दवाखाना यांना वीज पाहिजे. शिवाय एकूण घरांपैकी किमान १० टक्के घरांत जोडणी पाहिजे. तसा दाखला ग्रामपंचायतीने द्यावयाचा. दलित वस्तीचा उल्लेख नियमात करावा लागला यावरून आधी काय चालत होते ते ओळखा. नव्वद टक्के घरे अंधारात असली तरी गाव उजळलेलेच, हेही त्याच नियमात बसत होते. तरीसुद्धा पुढच्याच वर्षी निघालेल्या राजीव गांधी ग्रामीण विद्युतीकरण योजनेत केंद्राने ९० टक्के भांडवली अनुदान दिले आणि दारिद्र्यरेषेखालच्या घरांना जोडणी मोफत केली. आपल्याकडच्या वाड्या-तांड्यांवर खांब दिसू लागले ते मुख्यत्वे त्यानंतर.

ते खांब उभे करणाऱ्यांविषयी दोन शब्द बोललो नाही तर माझी युनियन मला घरात घेणार नाही. खड्डे खणणारी, खांब खांद्यावर वाहणारी टोळी कंत्राटदाराची असे. पावसाळी रात्री तार तुटली की ज्या पोराला वर चढवत त्याच्या हातात पुष्कळदा रबरी हातमोजेही नसत. योजनांच्या खर्चाच्या तक्त्यांत खांबाची किंमत असते, तारेची असते. या पोरांचे नाव मी कोठे वाचलेले नाही.

खांब आले आणि वीज गेली, असे ते दिवस होते. २००५ नंतरच्या टंचाईत भारनियमन बारा-बारा तासांवर गेले. त्या काळात महावितरणने अक्षय प्रकाश योजना काढली. गावाने संध्याकाळी आपण होऊन पंप बंद ठेवावेत, मग घरांतले दिवे चालू राहतील, असा तो करार होता. पुढे गावठाणाची वाहिनी शेतीच्या वाहिनीपासून वेगळी करण्यात आली. पंप आणि घर यांचे एका तारेवरचे भांडण सरकारने प्रथम उघडपणे मान्य केले ते या वेळी.

पैशाच्या बाबतीत मात्र ते भांडण मिटलेले नाही. २००४ साली निवडणुकीपूर्वी शेतीपंपांची वीज मोफत झाली आणि पुढच्या वर्षी ती सवलत मागे घेतली गेली. २०२४ साली साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना पाच वर्षांसाठी पुन्हा मोफत वीज जाहीर झाली. घराचे काय झाले? २०१७ साली सौभाग्य योजना आली, १६,३२० कोटी रुपयांची. गरिबाला जोडणी मोफत, इतरांना ५०० रुपयांत आणि तेही दहा हप्त्यांनी. प्रथमच सरकारने गाव सोडून घर मोजले, याचे श्रेय दिलेच पाहिजे. पण जोडणी एकदा द्यावयाची असते आणि बिल दर महिन्याला येते. आयोगाच्या दरपत्रकात दारिद्र्यरेषेखालच्या ग्राहकाला स्वस्त दर ठेवलेला, पण वर्षाला ३६० युनिटांची मर्यादा घालून. म्हणजे दिवसाला एक युनिट. मराठवाड्याच्या मे महिन्यात म्हाताऱ्या सासूसाठी पंखा रात्रभर लावला की मर्यादा जाते आणि ग्राहक साध्या दरात जातो. त्यात स्थिर आकार वेगळा. उदगीरकडची एक मजूर बाई बिल घेऊन आमच्या कचेरीत आली होती. तिने विचारले, “दादा, आम्ही चार महिने उसाला गेलो, घराला कुलूप व्हतं. दिवा लावलाच न्हाई, मग बिल कशाचं यायलंय?” स्थिर आकार म्हणजे काय ते मी तिला समजावून सांगितले. तिला ते समजले, पटले मात्र नाही.

चुलीची गोष्ट याच धर्तीची आहे. २०१६ च्या मे महिन्यात उज्ज्वला योजना सुरू झाली. घरातल्या बाईच्या नावाने गॅसजोडणी आणि त्यासाठी १६०० रुपयांचे सरकारी साहाय्य. बाईच्या नावाने काही येणे हीच आमच्या भागात नवलाई. परंतु शेगडी व पहिली टाकी कर्जाने घेतली असेल, तर ते कर्ज अनुदानातून वळते होई; तोवर टाकी पूर्ण दराने भरावयाची. मग टाकी कोपऱ्यात आणि चुलीत पऱ्हाट्या-तुराट्या. २०२२ साली उज्ज्वलाच्या टाकीवर २०० रुपये आणि पुढच्या वर्षी ३०० रुपये अनुदान झाले, तेव्हा थोडा फरक पडला. मधल्या काळात रेशनच्या रॉकेलचे अनुदान दर थोडा थोडा वाढवत २०२० पर्यंत संपवले गेले. चिमणी गेली त्याचे मला दुःख नाही. पण ज्या रात्री वीज नसते त्या रात्रीचे तेल त्याबरोबर गेले.

आता तारेच्या जागी काचेचा धागा आला आहे. २००२ साली दूरसंचार कंपन्यांच्या उत्पन्नातून सार्वत्रिक सेवा निधी निघाला. २०११ मध्ये त्यातून प्रत्येक ग्रामपंचायतीपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याचे ठरले, त्यालाच पुढे भारतनेट नाव मिळाले. देशातल्या अडीच लाख पंचायती मोजावयाच्या. पुन्हा मोजमाप पंचायतीचे! मी एका गावी गेलो तेव्हा पेटी पंचायतीच्या कपाटात होती, कपाटाला कुलूप होते, आणि बिल थकल्यामुळे कचेरीची वीज तोडलेली होती. परीक्षेचा अर्ज भरण्यासाठी गावातली मुलगी वडिलांबरोबर दुचाकीवर तालुक्याला जात होती. कागदावर ते गाव जोडलेले होते, जसे आमचे गाव उजळलेले होते. २०२३ च्या ऑगस्टमध्ये भारतनेटसाठी १,३९,५७९ कोटींचा नवा कार्यक्रम मंजूर झाला, त्यात घरांना जोडणी देण्याची भाषा आली आहे.

शेवटी सूर्याकडे वळू. फेब्रुवारी २०२४ मध्ये सूर्य घर योजना सुरू झाली. एक कोटी घरे, ७५,०२१ कोटी रुपये. छतावरच्या पहिल्या दोन किलोवॉटना किलोवॉटमागे ३०,००० आणि तीन किलोवॉटना ७८,००० रुपये अनुदान. महिना शंभर युनिटांच्या आत वापर असलेल्यांसाठी राज्याने २०२५ मध्ये आपली भर घातली. या वेळी सरकार छत मोजते आहे. लातूरच्या औद्योगिक वसाहतीत राबणारा आमचा सभासद पत्र्याच्या भाड्याच्या खोलीत राहतो. त्याला छतच नाही.

किल्लारीकडे मात्र वेगळे पाहावयास मिळते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे दगडमातीच्या भिंती आणि माळवदे कोसळून हजारो माणसे गेली. पुनर्वसनात ५२ गावे नव्या जागी वसली आणि घरे मिळाली ती जमिनीच्या मापाने: भूमिहीनाला २५० चौरस फूट, लहान शेतकऱ्याला ४००, मोठ्याला ७५०. मोजणी तेव्हाही रानाचीच होती. पण भूमिहीनाच्या वाट्यालाही पक्का स्लॅब आला. एका किलोवॉटला सुमारे शंभर चौरस फूट जागा लागते; म्हणजे त्या लहानात लहान घरावरही दोन किलोवॉट बसतात. अशाच एका घरातल्या आमच्या सभासदाने गेल्या वर्षी अर्ज भरायला घेतला. घर आणि मीटर दोन्ही अजून वडिलांच्या नावावर आहेत, आणि वडील वारून नऊ वर्षे झाली आहेत. वारस लावण्याचे कागद घेऊन तो परवा कचेरीत येऊन गेला. सोमवारी आम्ही दोघे तहसीलला जाणार आहोत.