गेटिसबर्गचे जुने स्थानक

अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया राज्यात गेटिसबर्ग नावाचे एक लहानसे गाव आहे. १८६३ साली तेथे सुमारे २,४०० माणसांची वस्ती होती. गावाच्या मुख्य चौकापासून जवळच, कार्लाइल रस्त्याला लागून, विटांची एक दुमजली इमारत उभी आहे. तेच तेथील जुने रेल्वे स्थानक. त्यास अध्यक्ष लिंकन यांचे नाव जोडले गेले आहे, आणि ते अयोग्य आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु इतिहास चाळू लागल्यावर त्या एका थोर नावाखाली पुष्कळ माणसे झाकली गेली आहेत, असे आम्हांस वाटू लागले.

गेटिसबर्गची रेल्वेची ओढ जुनी. १८३६ च्या सुमारास थॅडियस स्टीव्हन्स या वजनदार पुढाऱ्याच्या खटपटीने गावाच्या पश्चिमेस लोहमार्ग खणावयास घेतला होता. तो इतका वळणावळणाचा की विरोधकांनी त्यास पोटातील जंताची उपमा दिली! सरकारी पैसा थांबला, काम बंद पडले. टेकड्या फोडून केलेली खिंडारे तेवढी मागे राहिली. अखेर डिसेंबर १८५८ मध्ये गाडी आली ती पूर्वेकडून, हॅनोवरच्या बाजूने, आणि पुढच्या वर्षी स्थानक पुरे झाले. मार्ग येथेच संपत असे.

इटलीतील खेड्यापाड्यांतल्या हवेल्यांच्या धर्तीवर घरे बांधण्याची तेव्हा अमेरिकेत मोठी हौस होती. हे स्थानकही त्याच घाटाचे आहे. बेताच्या उताराचे छप्पर, भिंतीबाहेर पुढे आलेल्या वळचणी आणि मध्यावर एक छोटा मनोरा. मनोऱ्यात घंटा. घंटा म्हटली की आम्हां चर्चच्या माणसांस प्रार्थनेची वेळ आठवते. येथे ती गाडीच्या येण्याजाण्यासाठी वाजे. कंपनीची आर्थिक स्थिती ओढग्रस्तीचीच होती, तरी त्या गावाने आपल्या दारात नेटके, थोडेसे ऐटदार घर उभे केले.

या घराची कसोटी चारच वर्षांत लागली. २६ जून १८६३ रोजी दक्षिणेकडील सैन्य गावात शिरले. त्याने रुळांवरचे डबे जाळले आणि रॉक क्रीक ओढ्यावरचा रेल्वेपूलही जाळला. १ जुलैला लढाईस तोंड लागले, आणि त्या जुन्या, रूळ कधीच न पडलेल्या खिंडारात मोठी झुंज झाली. उत्तरेच्या 'आयर्न ब्रिगेड'ने तेथे शेकडो सैनिक पकडले. पण तिचेही जवान धारातीर्थी पडले. जखमींना आणून ठेवले ते या स्थानकात. प्रतीक्षालये रुग्णालये झाली. तीन दिवस लढाई चालली. स्थानक माणसांनी भरले होते, पण पूल जळाल्यामुळे गाडी मात्र एकही येऊ शकत नव्हती.

सैन्ये निघून गेली तेव्हा गावात व आसपासच्या शेतांत वीस हजारांवर जखमी पडून होते. पूल पुन्हा बांधण्याचे काम हर्मन हाउप्ट या सेनाधिकाऱ्याकडे आले. पूर्वी ते गेटिसबर्गच्याच महाविद्यालयात गणित शिकवीत. काही दिवसांतच गाड्या गावाच्या वेशीपर्यंत आणि मग थेट स्थानकापर्यंत येऊ लागल्या. येताना त्या औषधे, बर्फ, अन्न आणत, आणि त्याबरोबर मुलाच्या वा पतीच्या शोधात निघालेले नातेवाईकही. परतताना मालाच्या वाघिणींत पेंढा पसरून त्यावर जखमींना निजवीत. गाडी चुकलेल्यांसाठी सॅनिटरी कमिशन या सेवासंस्थेने रुळांजवळ तंबू ठोकले होते. तेथे राबलेल्या जॉर्जिआना वूल्झी यांनी त्या तीन आठवड्यांचा वृत्तान्त लिहून ठेवला आहे. सुमारे १६,००० जेवणे तेथे वाढली गेली. वाचकांस हेही सांगितले पाहिजे की, एमिट्सबर्गच्या धर्मभगिनी ५ जुलैच्या रविवारी गेटिसबर्गला पोहोचल्या होत्या. संत फ्रान्सिस झेवियरच्या चर्चमध्ये बाकांवर, वेदीपाशी निजविलेल्या जखमींची त्यांनी सेवा केली.

आता लिंकन यांच्याविषयी. सैनिकांच्या दफनभूमीचा अर्पणविधी १९ नोव्हेंबरला ठरला होता. त्याच दिवशी पहाटे सहाला वॉशिंग्टनहून निघून दुपारपर्यंत पोहोचावे, अशी युद्धमंत्री स्टँटन यांची योजना. लिंकन यांना ती रुचली नाही. वाटेत जरासा खोळंबा झाला तरी सारेच हुकेल, असे त्यांनी कळविले व ते आदल्या दिवशीच निघाले. बाल्टिमोरला त्यांचे डबे घोड्यांनी ओढून एका स्थानकातून दुसऱ्यात नेले. हॅनोवर जंक्शनवर पुन्हा मार्ग बदलला. संध्याकाळी ते गेटिसबर्गला उतरले. त्यांची धास्ती खोटी नव्हती. राज्यपालांची गाडी त्याच रात्री फार उशिरा पोहोचली. दुसऱ्या दिवशीचे त्यांचे भाषण अवघे २७२ शब्दांचे. संध्याकाळी याच स्थानकातून ते परत गेले. स्थानकाशी त्यांचा संबंध इतकाच, चोवीस तासांहून थोडा अधिक. त्यानंतरच्या दिवशी, २० नोव्हेंबरला, गावाबाहेरचे कॅम्प लेटरमन हे तंबूंचे मोठे रुग्णालय बंद झाले.

प्रवासी गाड्या १९४२ मध्ये थांबल्या. इमारत काही काळ पर्यटकांना माहिती देण्याच्या कामी आली. २००६ साली तिची डागडुजी पुरी होऊन ती पुन्हा खुली झाली. लिंकन आले नसते तर ती टिकली असती काय, याची आम्हांस शंका आहे. २०२२ मध्ये मात्र तेथे जे प्रदर्शन उघडले, ते तिघांच्या कथा सांगते: आयर्न ब्रिगेडच्या वाद्यवृंदातील इलाय ब्लँचर्ड, तेवीस वर्षांची परिचारिका कॉर्नेलिया हॅनकॉक, आणि शेतांत घाईने पुरलेले सैनिक उकरून नव्या दफनभूमीत नेणारा कृष्णवर्णीय शेतकरी बेझिल बिग्ज.