गॅसबत्तीचा जीर्णोद्धार

बीड जिल्ह्यातलं उमापूर काय किंवा त्याच्या आसपासची खेडी काय, १९४८ पर्यंत ती निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती आणि वीज त्यानंतरही सावकाशच आली. तोवर घरात चिमणी नाहीतर कंदील. लग्नाची वरात, सप्त्यातलं कीर्तन, तमाशाचा फड असं काही असलं की मग गॅसबत्त्या भाड्याने यायच्या. भाड्याची वस्तू रोज नव्या हातात पडते, आपटते, तुंबते, पण संध्याकाळी तिने पेटायलाच हवं. म्हणून या दिव्याचा इतिहास जितका तो बनवणाऱ्या बर्लिनच्या कारखान्यात घडला, तितकाच तो गावोगावच्या दुरुस्तीवाल्यांच्या हातून घडला, असं माझं ठाम मत आहे. जुन्या बत्तीचा जीर्णोद्धार ती पुन्हा पेटल्याखेरीज पुरा होत नाही.

संग्राहकांचा याला आक्षेप असतो. सुटे भाग बदलले की वस्तूचं अस्सलपण गेलं, असं ते म्हणतात. पण बत्तीची रचनाच पाहावी. पंपाने टाकीत हवा भरली की रॉकेल तापलेल्या नळीतून वर चढतं, त्याची वाफ होते, निपलच्या बारीक भोकातून ती सुटते आणि हवेत मिसळून मेंटलमध्ये, म्हणजे सुती जाळीच्या पिशवीत, जळते. यातलं निपल झिजतं, पंपाचं चामडी वॉशर सुकतं. मेंटल तर मुळातच क्षणभंगुर. कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी १८८५ मध्ये त्याचं पेटंट घेतलं आणि पुढे ९९ भाग थोरियम, १ भाग सिरियम हे प्रमाण रुळलं. पहिल्यांदा पेटवलं की सूत जळून जातं, मागे ऑक्साइडची जाळी उरते आणि बोट लागताच तिचा भुगा होतो. १९५५ मध्ये ट्रॉम्बेला थोरियमचा कारखाना सुरू झाला, तो अशाच मेंटलना लागणारं थोरियम नायट्रेट पुरवण्यासाठी. जर्मन बत्तीत देशी मेंटल बसलं म्हणून ती नकली ठरत नाही. अस्सलपण जपायचंच असेल तर टाकीवरचा ठसा आणि निकेलचा मुलामा जपावा. चकाकीच्या हौसेने बफिंग करून नेमका तोच घालवला जातो.

धोक्याचा आक्षेप मात्र खरा आहे. थोरियम किरणोत्सारी असतं. किरण सौम्य असले तरी फुटलेल्या मेंटलची धूळ नाकात जाऊ देऊ नये. जुनी टाकी आधी पाणी भरून दाबाला तपासावी. हवेच्या दाबाने फुटली तर तुकडे उडतात, पाण्याने तडकली तर नुसती गळते. पितळेला चीर दिसली तर ती बत्ती पेटवण्याचा हट्ट सोडावा. बाकीच्या बहुतेकींचं दुखणं साधं असतं: वॉशर तेलात भिजत ठेवलं की फुगून पुन्हा हवा धरतं. देवळाच्या माळ्यावर अशी बत्ती पडून असेल, तर ती किलोच्या भावाने मोडीत घालण्याआधी गावातल्या जुन्या स्टोव्ह दुरुस्त करणाऱ्याला एकदा दाखवा.